शंभरातले चाळीस: पोर्तो रिकोतल्या कामाचा हिशेब

पोर्तो रिकोच्या श्रम खात्याचे कर्मचारी दर महिन्याला बेटावरच्या निवडक घरांत जातात आणि घरातल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक माणसाबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. त्या आठवड्यात पैशासाठी तासभर तरी काम केलं का? घरच्या दुकानात किंवा शेतात पंधरा तास बिनपगारी राबलात का? काम नसेल, तर ते शोधताय का? यांतल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, की तो माणूस ‘ग्रुपो त्राबाहादोर’मध्ये, म्हणजे श्रमशक्तीत, धरला जातो. विद्यार्थी, निवृत्त माणूस, अंथरुणाला खिळलेला, घर सांभाळणारी बाई आणि शोधून शोधून थकलेला तरुण हे सगळे बाहेर राहतात. सोळा वर्षांवरच्या दर शंभर माणसांपैकी जितकी आत, तितका श्रमशक्ती सहभाग दर.

२०१० च्या दशकाच्या मध्यावर पोर्तो रिकोत हा आकडा चाळीसच्या आसपास होता. त्याच काळात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो ६२-६३ होता. जगात इतका कमी सहभाग दर फार थोड्या ठिकाणी सापडतो. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी युद्ध तरी असतं किंवा बायकांना घराबाहेर पडायला मज्जाव तरी असतो. पोर्तो रिकोत यातलं काहीच नव्हतं. मुली मुलांपेक्षा जास्त शिकत होत्या, रस्ते होते, विद्यापीठं होती, औषधांचे मोठमोठे कारखाने होते. तरी शंभरातली साठ माणसं हिशेबाच्या बाहेर.

या साठांचा अर्थ काय लावायचा, यावर गेली पन्नास वर्षं वाद चालू आहे. सगळ्यांत सोपं उत्तर सगळ्यांत जास्त वेळा दिलं गेलं: लोक आळशी आहेत, सरकारी मदतीवर जगतात. मला हे उत्तर चुकीचं वाटतं आणि अन्यायाचंही वाटतं. या आकड्याच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात बेटावर काम कुठून आलं, कुणासाठी आलं आणि कुणाला न विचारता निघून गेलं, याची नोंद आहे.

बेरोजगारीपेक्षा वेगळा आकडा

बेरोजगारी आणि सहभाग या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. काम शोधणारा बेरोजगार श्रमशक्तीच्या आत असतो. समजा, एका गावात शंभर प्रौढ आहेत. चव्वेचाळीस जण श्रमशक्तीत आहेत, त्यांतल्या चौघांना काम नाही. बेरोजगारी झाली ९ टक्के. आता त्या चौघांपैकी दोघांनी कंटाळून शोधणं सोडलं. बेरोजगारी लगेच पाच टक्क्यांच्या खाली येते. गावात एकही नवी नोकरी निर्माण झालेली नसते, पण मथळ्यातला आकडा मात्र सुधारलेला दिसतो. म्हणून एखाद्या समाजाने कामाची आशा किती धरली आहे हे पाहायचं असेल, तर सहभाग दराकडे पाहावं लागतं.

ऊस, सुई आणि मेलेला काळ

पोर्तो रिको आकाराने गोव्याच्या अडीचपट. १८९८ च्या युद्धानंतर ते स्पेनकडून अमेरिकेकडे गेलं. पुढच्याच वर्षी सान सिरियाको चक्रीवादळाने डोंगरातल्या कॉफीच्या बागा झोपवल्या. किनाऱ्यावरच्या सपाट जमिनींवर अमेरिकी भांडवलाच्या साखर कंपन्यांचा ऊस पसरला. गळीत हंगामाला तिथे ‘साफ्रा’ म्हणतात. जानेवारीच्या सुमाराला तो सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात संपायचा. उरलेल्या महिन्यांना लोकांनी नाव दिलं होतं ‘तिएम्पो मुएर्तो’, म्हणजे मेलेला काळ. हंगामात कोयता चालवणारा ‘हिबारो’, म्हणजे डोंगराळ भागातला कष्टकरी, या काळात उधारीवर जगायचा. त्याच्या आयुष्यातलं काम मुळातच अर्ध्या वर्षाचं होतं.

उरलेलं अर्धं वर्ष बायकांच्या सुईवर निघायचं. पहिल्या महायुद्धात युरोपातलं भरतकाम अमेरिकेला मिळेनासं झालं, तेव्हा व्यापाऱ्यांनी पोर्तो रिकोकडे मोर्चा वळवला. मायाग्वेस शहराच्या भोवतालच्या खेड्यांत कापलेलं कापड घरोघर वाटलं जायचं. बायका रुमालांच्या कडा शिवायच्या, लहान मुलांच्या कपड्यांवर भरतकाम करायच्या आणि डझनाला काही सेंट मिळवायच्या. दुसरीकडे तंबाखूच्या कारखान्यांत पानांच्या शिरा काढायचं काम बायकाच करत. याच तंबाखूच्या दुनियेत कामगारांना वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत होती. आरेसिबोची लुइसा कापेतियो अशीच एक वाचक आणि पुढे कामगार चळवळीची पुढारी झाली. म्हणजे ‘कॅरिबियन बाई पूर्वी घरात बसायची आणि मग आधुनिक होऊन कामाला लागली’ ही गोष्ट इथे लागू पडत नाही. ती आधीपासून कमावत होती. १९५० च्या सुमाराला दर शंभर बायकांतल्या जवळपास तीस श्रमशक्तीत होत्या.

‘हात कामाला लावा’

१९४० च्या दशकात लुईस मुन्योस मारिन यांच्या पक्षाने हे चित्र पालटायचं ठरवलं. पक्षाची खूण होती हिबारोची गवती टोपी. १९४८ च्या निवडणुकीनंतर मुन्योस मारिन बेटाचे पहिले निवडून आलेले गव्हर्नर झाले. त्यांचे सहकारी तेओदोरो मोस्कोसो यांनी ‘फोमेंतो’ या विकास संस्थेमार्फत अमेरिकी कारखानदारांना बोलावणं धाडलं: कर माफ, मजुरी स्वस्त, बाजार अमेरिकेचाच. १९४७ च्या औद्योगिक सवलत कायद्यापासून या मोहिमेने वेग घेतला. तिचं स्पॅनिश नाव होतं ‘मानोस आ ला ओब्रा’, म्हणजे ‘हात कामाला लावा’.

मोहिमेला यश आलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शाळा, दवाखाने, वीज, पिण्याचं पाणी खेड्यांपर्यंत पोहोचलं. १९४० मध्ये सरासरी आयुर्मान ४६ च्या आसपास होतं, १९६० मध्ये ते जवळपास ७० झालं. शेजारच्या सेंट लुशियात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी ब्रिटिश कॅरिबियनच्या औद्योगिकीकरणावर १९५० मध्ये लिहिताना पोर्तो रिकोच्या या प्रयोगाकडे लक्ष वेधलं होतं. १९५४ मध्ये त्यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. शेतीत गरजेपेक्षा जास्त हात गुंतलेले असतात. कारखाने आले की ते हात हळूहळू तिकडे वळतात आणि एके दिवशी हा जास्तीचा साठा संपून सगळ्यांची मजुरी वाढू लागते. पुढे १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पोर्तो रिकोत कारखाने आले, पण हातांचा साठा तिकडे पुरता वळला नाही. उसाची शेती आणि घरगुती शिवणकाम ज्या वेगाने आटलं, त्या वेगाने कारखान्यांनी माणसं घेतली नाहीत. १९५० च्या दशकात उत्पन्न वाढत होतं, इमारती उठत होत्या आणि त्याच दहा वर्षांत बेटावर काम करणाऱ्यांची एकूण संख्या सुमारे सहा लाखांवरून साडेपाच लाखांच्या आसपास उतरली. ‘हात कामाला लावा’ म्हणणाऱ्या दशकात कामावरचे हात कमी झाले. घरी बसून सुई चालवणाऱ्या हजारो बायका हिशेबातून गळाल्या आणि बायकांचा सहभाग ३० वरून २०-२२ टक्क्यांवर आला.

मग उरलेले हात गेले कुठे? ते विमानात बसले. पोर्तो रिकन माणूस १९१७ पासून अमेरिकेचा नागरिक आहे. त्याला न्यूयॉर्कला जायला व्हिसा लागत नाही. १९५० च्या दशकात बावीस लाखांच्या बेटावरून सुमारे साडेचार लाख माणसं निघून गेली. बेटाच्या सरकारने १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कार्यालय उघडून या स्थलांतराला हातभारही लावला. पुढे लेखक लुईस राफाएल सांचेस यांनी सान हुआन आणि न्यूयॉर्कच्या दरम्यानच्या विमानाला ‘ग्वाग्वा आएरेआ’, हवेतली बस, म्हटलं आणि तो शब्द लोकांच्या तोंडी बसला.

या हवेतल्या बसने आकड्याचा सगळा अर्थच बदलतो. काम नसलेला जमैकन किंवा बार्बेडियन माणूस बहुतेक वेळा बेटावरच राहतो, काहीतरी करतो आणि तिथल्याच श्रमशक्तीत मोजला जातो. काम हवं असलेला पोर्तो रिकन तिकीट काढतो. आज मुख्य भूमीवर पन्नास लाखांहून अधिक पोर्तो रिकन राहतात, बेटावर आहेत त्यापेक्षा जास्त. त्यांचा सहभाग दर अमेरिकी सरासरीच्या जवळपास, साठच्या आसपास, आहे. तीच भाषा, तीच घराणी, बऱ्याचदा एकाच आईची लेकरं. जी मुलं कामासाठी गेली ती तिकडच्या आकड्यात मोजली गेली. मागे राहिले आईवडील, शाळकरी भावंडं आणि आजारी काका. बेटाचा आकडा मागे राहिलेल्यांचा आहे.

कारखाना आला, हजेरीपट छोटाच राहिला

हलक्या कारखान्यांनंतर बेटाने १९६० च्या दशकात तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकल्सवर भिस्त ठेवली. १९७३ नंतर तेल भडकलं आणि दक्षिण किनाऱ्यावरचा कॉर्को हा मोठा शुद्धीकरण प्रकल्प १९८२ मध्ये बंद पडला. त्याआधी, १९७६ मध्ये, अमेरिकी करकायद्यात कलम ९३६ आलं. या कलमामुळे पोर्तो रिकोत मिळवलेल्या नफ्यावर अमेरिकी कंपन्यांना संघीय कर जवळपास माफ होता. औषध कंपन्यांनी या संधीचा सगळ्यांत जास्त फायदा घेतला. बार्सेलोनेतासारख्या गावाच्या आसपास गोळ्या बनवणारे स्वच्छ, चकचकीत कारखाने उभे राहिले.

अशा कारखान्यात यंत्रं खूप आणि माणसं थोडी लागतात. शिवाय कंपन्यांना पेटंटमधून आलेला नफा इथे दाखवणं सोयीचं होतं. त्यामुळे कागदावरचं उत्पादन फुगत गेलं. आजही बेटावर जितकं उत्पादन दाखवलं जातं, त्याचा सुमारे तिसरा हिस्सा बेटावरच्या लोकांच्या उत्पन्नात उतरत नाही, तो मालकांकडे बाहेर जातो. म्हणून दरडोई उत्पादनाच्या तक्त्यात पोर्तो रिको श्रीमंत दिसतं आणि श्रमशक्तीच्या तक्त्यात दुबळं. दोन्ही आकडे एकाच धोरणाने घडवले आहेत.

याच काळात दोन संघीय नियम बेटावर येऊन पोचले. किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढत १९८३ पर्यंत मुख्य भूमीइतकं झालं. बेटावरचे सर्वसाधारण पगार मात्र तिथल्यापेक्षा खूप कमी होते. यामुळे किती नोकऱ्या गेल्या यावर अर्थशास्त्रज्ञांत जुंपली. आलिदा कास्तियो-फ्रीमन आणि रिचर्ड फ्रीमन यांना नुकसान मोठं वाटलं. पुढे ॲलन क्रूगर यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि पुरावा तितका भक्कम नसल्याचं दाखवलं. दुसरा नियम अन्नमदतीचा. १९७० च्या दशकाच्या मध्यावर फूड स्टॅम्प बेटावर आले आणि काही वर्षांतच निम्म्याहून अधिक लोकसंख्या त्यांचा लाभ घेऊ लागली. १९८२ मध्ये वॉशिंग्टनने ही योजना कापून ठरावीक रकमेच्या अनुदानात बदलली.

आळशीपणाचा आरोप इथून सुरू होतो, म्हणून तारखा नीट पाहायला हव्यात. पुरुषांचा सहभाग १९५० च्या दशकापासूनच घसरत होता. तेव्हा दहातले सातहून अधिक पुरुष श्रमशक्तीत होते. मुलं जास्त वर्षं शाळेत राहू लागली, ऊस संपू लागला, तरुण विमानात बसू लागले. अन्नमदत आली तेव्हा या घसरणीला वीस वर्षं उलटून गेली होती. मदतीमुळे काहींनी हलकं काम नाकारलं असेल, हे मी अमान्य करत नाही. सरकारी घरांचं भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतं, आरोग्यसेवेला उत्पन्नाची मर्यादा असते. अर्धवेळ नोकरीचा पगार नोंदवला की भाडं वाढतं आणि औषधांची सोय जाऊ शकते. अशा वेळी आई कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करते आणि घरी राहायचं ठरवते. तिने हिशेब बरोबर केलेला असतो, नियमच उलटा रचलेला असतो.

बायकांच्या आकड्याने मात्र पुढे वेगळं वळण घेतलं. शिवणकाम बुडाल्यावर तळाला गेलेला त्यांचा सहभाग शिक्षण, आरोग्य, कार्यालयं आणि कारखाने यांच्या आधाराने चढत २००० च्या सुमाराला ३५ टक्क्यांपर्यंत आला. घरगुती उद्योगातून बाहेर, मग तळ, मग शिकून पुन्हा आत, अशी ही इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी रेषा अनेक देशांत दिसते. ती उलगडून दाखवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पोर्तो रिकोत ही रेषा वर येत असतानाच पुरुषांची रेषा खाली येत होती, आणि २०१० च्या दशकात जेमतेम निम्मे पुरुष श्रमशक्तीत उरले.

दहा वर्षांचा उतार

१९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कलम ९३६ रद्द केलं आणि दहा वर्षांची मुदत दिली. २००६ मध्ये मुदत संपली, त्याच वर्षी मंदी सुरू झाली. तेव्हा सहभाग दर ४८ च्या घरात होता. १९९० च्या दशकात दीड लाखांहून अधिक माणसं कारखान्यांत होती, २०१० च्या दशकाच्या मध्यावर ७५ हजारांच्या आसपास उरली. सरकारने पोकळी भरायला कर्ज काढलं, मग कर्जाने सरकारलाच गिळलं. २००९ मध्ये हजारो सरकारी कर्मचारी कमी केले गेले. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी ७० अब्ज डॉलरहून अधिक कर्ज फेडता येणार नाही असं जाहीर केलं. २०१६ मध्ये काँग्रेसने बेटाच्या तिजोरीवर देखरेख मंडळ बसवलं.

२० सप्टेंबर २०१७ च्या पहाटे मारिया चक्रीवादळ याबुकोआजवळ जमिनीवर चढलं. अधिकृत हिशेबाप्रमाणे २,९७५ माणसं दगावली. काही डोंगराळ वस्त्यांत वीज परत यायला अकरा महिने लागले. लाखाहून अधिक लोक बेट सोडून गेले, शेकडो शाळा बंद झाल्या. २०२० च्या जानेवारीत भूकंप, मार्चमध्ये कोविड. २००० च्या जनगणनेत बेटावर ३८ लाख लोक होते, २०२० मध्ये ते ३३ लाखांच्याही खाली आले. सहभाग दर चाळीसच्या खाली घसरला.

या उतारात वयाचाही वाटा आहे. जाणारे बहुतेक तरुण असतात. एका बाईमागे सरासरी एक मूलही आता जन्माला येत नाही. पाच माणसांत एकाहून अधिक माणूस पासष्टीच्या पुढचा आहे. घरी म्हातारी आई असेल आणि भाऊ फ्लोरिडात असेल, तर मागे राहिलेली लेक नोकरी शोधणार कधी? तिचे दिवसाचे चौदा तास श्रम खात्याच्या प्रश्नावलीत कुठेच बसत नाहीत.

अजून एक काम हिशेबात नीट येत नाही. त्याला तिथे ‘चिरिपेओ’ म्हणतात. कुणाची गाडी दुरुस्त करून दे, कुणाचं गवत काप, घरी केक करून विक, रविवारी रस्त्याकडेला फळं मांड. पैसे रोख, पावती नाही. दारावरच्या कर्मचाऱ्याला ‘कामाला जाता का’ असं विचारल्यावर असा माणूस कधी संकोचाने, कधी सवलती जाण्याच्या भीतीने ‘नाही’ म्हणतो. रोखीचं हे काम सगळं मोजलं, तर दर चढेल. तो मुख्य भूमीइतका होईल असं मात्र नाही. उरलेली तफावत खरीच आहे.

पुन्हा चढण

आणि मग बऱ्याच जणांनी जिची आशा सोडून दिली होती ती गोष्ट घडली. २०२१ नंतर आकडा वर सरकू लागला. २०२३ च्या सुमाराला तो ४४ च्या आसपास पोहोचला. दशकभराहून अधिक काळ ही पातळी दिसली नव्हती. बेरोजगारीही सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. एकेकाळी, १९८३ मध्ये, ती वीस टक्क्यांच्या वर होती.

लोकांचा स्वभाव दोन वर्षांत बदलत नाही. बदललं ते बाहेरचं जग. वादळानंतरच्या पुनर्बांधणीचा संघीय पैसा अखेर पोहोचला आणि बांधकामावर माणसं लागली. २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलेलं किमान वेतन बेटाच्या नव्या कायद्याने २०२२ मध्ये ८.५०, २०२३ मध्ये ९.५० आणि २०२४ मध्ये १०.५० डॉलर झालं. काम करणाऱ्या गरीब कुटुंबांना मिळणारी करसवलत २०२१ मध्ये मोठी झाली. त्यासाठी काँग्रेसने दरवर्षी ६० कोटी डॉलरपर्यंतचा वाटा उचलायचं मान्य केलं. या सवलतीचं वैशिष्ट्य साधं आहे: पगार नोंदवला तरच ती मिळते. जुन्या नियमांत नोंदवलेल्या पगाराने नुकसान व्हायचं, इथे फायदा होतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या त्या आईचा हिशेब प्रथमच नोकरीच्या बाजूने झुकला.

ही चढण टिकेल याची हमी नाही. पुनर्बांधणीचा पैसा कायमचा नसतो, आणि काम करण्याच्या वयाची माणसं दरवर्षी कमी होत आहेत. मूल ठेवायला पाळणाघर, म्हाताऱ्यांसाठी दिवसाची सोय, गाडी नसलेल्यासाठी वेळेवर येणारी बस या गोष्टी झाल्या, तर अजून हजारो बायका श्रमशक्तीत येतील. सान हुआनची ‘त्रेन उर्बानो’ ही मेट्रो २००४ मध्ये सुरू झाली, पण ती राजधानीच्या परिसरातच धावते. डोंगरातल्या गावातून तासाभराच्या अंतरावरची नोकरी धरायची, तर स्वतःची गाडी लागतेच.

बेटावर सोळा वर्षांवरची सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस लाख माणसं राहतात. सहभाग दराचा एक टक्का म्हणजे पंचवीस हजारांहून अधिक माणसं. तो चाळीसवरून चव्वेचाळीसवर गेला, तेव्हा लाखभर माणसांनी दारावरच्या त्या प्रश्नाला पूर्वी ‘नाही’ म्हटलं होतं आणि आता ‘हो’ म्हटलं. पन्नास वर्षं ज्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का होता, त्यांच्यातलीच ही माणसं. काम जवळ आलं, मजुरी परवडली, नोंद केल्याची शिक्षा थांबली आणि ती पहाटे उठून निघाली.